शनिवार ते मंगळवार

अळूचे कांदे मी दोनदा उकळते.
सोलायचे, तुकडे करायचे, रात्रभर भिजवायचे,
पहिलं पाणी फेकायचं,
दुसरंही फेकायचं.
उरतं त्याला चव नसते,
पण ते तुला मारत नाही.
एवढं नर्स फायेसेआनं शिकवलं,
बाकीचं मी रात्री शिकले.

मंगळवार, गुरुवार, शनिवार.
आपिआची पहाटेची बस,
चार तास खुर्ची, दंडात दोन सुया.
फायेसेआ म्हणते, रक्तातल्या पोटॅशियमला
बाहेर पडायला आता हा एकच दरवाजा.
शनिवारी दुपारी तो लागतो
तो मंगळवारीच उघडतो.
मधे रविवार येतो.

रविवार म्हणजे काय ते तिला कशाला सांगू,
ती आमच्यातलीच.
पहाटे चारला तापत ठेवलेले दगड,
कोवळ्या अळूच्या पानांत बांधलेलं नारळाचं दाट दूध,
हिरवी केळी,
पांढरे कपडे, चर्च,
आणि मग ते ताट,
ज्याला नाही म्हणणं म्हणजे घरालाच नाही म्हणणं.
तू त्या ताटासमोर बसतोस
हातपंखा हलवत.
माशाचा एक तुकडा, माझं ते बेचव अळू,
आणि सगळ्यांकडे बघून असा हसतोस
की माझी मान खाली जाते.

तू, पेलेनातो,
सत्तेचाळीस माणसांच्या लांब होडीत
बावीस वर्षं लाकडी ढोल वाजवलास.
लग्नाआधी मला म्हणाला होतास,
दंडात जोर कमी पडला तर शर्यत जाते,
ताल चुकला तर होडी जाते.

त्या रविवारी कुणाच्या तरी पोरानं
तुला शहाळं फोडून दिलं.
लहान होतं, त्याला काय माहीत.
तुला माहीत होतं.
मी भांडी घासत होते, पाठ तुझ्याकडे.
पण शहाळं फुटल्याचा आवाज
या बेटावर कुणाला ओळखू येत नाही?
मी वळले नाही.

सोमवारी रात्री तू म्हणालास, पाय जड झालेत,
वाळू भरल्यासारखे.
मी छातीवर कान ठेवला.
काळजाचा ठोका चुकतो म्हणतात,
ते आजवर बोलण्यातच ऐकलं होतं.
एक. दोन. तीन.
मग काहीच नाही.
इतका वेळ काहीच नाही
की बाहेर खडकावर फुटणारा समुद्र ऐकू आला.
मग चार, आणि पाच त्याच्या पाठीवर आपटलेला,
जसा वल्ह्यावर वल्हं.

भाच्याचा पिकअप, मागे गादी,
रस्त्यात डुकरं, मी त्यांच्यावर ओरडत.
हॉस्पिटलात कागद सरकत गेला,
त्यावर उंच, टोकदार लाटा.
मी म्हटलं, आपल्या चर्चच्या मनोऱ्यांसारख्या दिसतात.
फायेसेआ म्हणाली, दिसायला नकोत.
आकडा सात पूर्णांक चार.
आधी शिरेतून कॅल्शियम,
काळजानं तग धरावा म्हणून.
मग मशीन, तेही बेतानं.
एकदम खेचून घेतलं तरी ते अडखळतं, म्हणाली.
जास्त नको, कमी नको, घाईही नको.
तू डोळे मिटून पुटपुटलास,
हे मी पोरांना किती वर्षं सांगत होतो.

उजाडल्यावर तिनं विचारलं, काल-परवा खाल्लं काय?
तू छताकडे पाहिलंस.
मी म्हटलं, अळू.
पाणी एकदाच बदललं असेल मी.
तिनं लिहून घेतलं.
वहीत माझं नाव लागलं, शहाळ्याचं नाही.
बसमध्ये तू माझा हात धरलास
आणि आपण दोघंही खिडकीबाहेर बघत राहिलो.

आता दर शनिवारी खुर्चीच्या दांड्यावर
तुझं एक बोट चालू असतं,
मशीनच्या पिपिपीला तू हळूच शिव्या घालतोस,
म्हणतोस, बेताल आहे मेलं.

आणि अळूचं पाणी,
पहिलं आणि दुसरं,
मी मागच्या दारी एकाच जागी ओतते.
तिथली केळ यंदा अशी व्याली
की घडाला बांबूचा टेका द्यावा लागला.
जाणारे-येणारे थांबतात,
विचारतात, काय घालतेस गं हिला?